सुम्न कूडु

अक्का गेल्याचं मला त्यांच्याच दुकानात कळलं. नवी पेठेत मी अस्तराचे रंग बघत उभी होते. हिरव्यात चार हिरवे काढून झाले होते आणि एकही खणाला जुळत नव्हता. गल्ल्यावर त्यांचा मुलगा शिवानंद. त्याचा फोन वाजला, त्याने ऐकला, ठेवला, उठून शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, अव्वा गेली." हातातलं अस्तर तसंच घेऊन मी शटरखालून वाकून बाहेर पडले आणि चालत सुटले. नवी पेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत उलटी, परत सुलटी. एक रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, बगून चाला की!" माझं हे असंच आहे. आनंद झाला तरी मला एका जागी बसवत नाही आणि दुःख झालं तर मुळीच नाही.

महादेवीअक्का मूळच्या मैंदर्गीच्या. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. दुकानाच्या वरच्या खोलीत दर सोमवारी माणसं जमायची. कुणाची पाठ धरलेली, कुणाची झोप उडालेली, कुणाचं काहीच दुखत नसायचं आणि तेच त्यांना सहन होत नसायचं. अक्का त्यांच्या डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवायच्या. एवढंच. अंगारा नाही, दोरा नाही आणि "गोळ्या बंद करू नको हां" हे प्रत्येकाला बजावून सांगणं. त्याने कुणाला काय होत होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझं सांगते. ब्लाउज शिवून शिवून माझा खांदा लाकडासारखा झाला होता. अक्कांनी हात ठेवला आणि मी भडाभडा रडले. खांदा आठवडाभर बरा होता, मग परत दुखायला लागला. पण मी त्या जिन्याची झाले ती झालेच.

काही महिन्यांनी मी म्हटलं, मला शिकवा. अक्कांनी माझे तळवे हातात घेऊन बघितले, मग माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय गं तुझा. पाय वाईट हाय."

खरंच होतं. आयुष्य पायमशिनीवर गेलेलं. बसले की उजवा पाय आपोआप हलतो. अक्कांचा तर नियम होता, आधी बैठक, मगच हात. पाठ सरळ, डोळे मिटलेले, तळवे मांडीवर उताणे. श्वास येतो-जातो तो बघायचा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही. स्वतःचं जे काही असेल, नवऱ्याचा राग, भाजी करपल्याची हळहळ, ते खाली घोंगडीवर ठेवून उठायचं. "न्हायतर तुझी तळमळ त्यांच्या अंगाला लागंल," अक्का म्हणायच्या. "आदीच त्यांची त्यांना काय कमी हाय?" ती घोंगडी मीच सांगोल्याहून, माहेराहून आणलेली. अक्का तीवर देवासारख्या बसायच्या. मला ती टोचायची. मांडीला, घोट्याला, जिथं तिथं टोचायची. खाली हॉर्न, शेजारी प्रेशर कुकर, आणि मिटल्या डोळ्यांपुढे उद्या द्यायचे ब्लाउज. मग अंधारातून अक्कांचा आवाज यायचा, "काय शिवलालीस गं तितं?" माझा पाय चालू असायचा.

आणि त्यानंतर त्या हळूच म्हणायच्या, "सुम्न कूडु."

मला कानडी ओ की ठो कळत नव्हतं. मला वाटलं, मंत्र दिला. असा दोन शब्दांचा, जड, कुठल्या तरी जुन्या शिवस्तोत्रातला असावा असा. मी तो धरला. सुम्नकूडु, सुम्नकूडु… श्वास आत जाताना सुम्न, बाहेर येताना कूडु. आणि काय सांगू, ध्यान लागायचं! पाय थांबायचा नाही, पण मंद व्हायचा. मी तो मंत्र जावेलासुद्धा दिला, कुणाला सांगायचा नाही अशी शपथ घालून.

मग एकदा बाजारात वांगी घेत होते. भाजीवालीचा नवरा मागे बसून अखंड बडबडत होता. ती गर्रकन वळली आणि कडाडली, "सुम्न कूडु!" मी वांगी सोडून तिला विचारलं, "तुम्हीपण अक्कांकडे जाता?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कोन अक्का? ह्याला म्हनलं, गप बस."

मी तणतणत जिना चढले. "अक्का, तुम्ही मला गप बस म्हणत होता?" अक्का आधी कळेना म्हणून बघत राहिल्या आणि कळल्यावर तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की खालून शिवानंद वर आला. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ध्यान लागलालतं का न्हाय?"

"लागत होतं…"

"मंग कशाला बदलतीस?"

मी बदललं नाही. पण हात ठेवायची परवानगी मला कधीच मिळाली नाही. "पाय थांबला की ठेव," हे ठरलेलं उत्तर. राग यायचा. माझ्यामागून आलेल्या बायका हात ठेवून मोकळ्या झाल्या आणि मी आपली घोंगडी झटकतेय.

शेवटची भेट दवाखान्यातली. अक्का खाटेएवढ्याच सपाट झाल्या होत्या. मला म्हणायचं होतं की इतक्यांवर हात ठेवलात, आता तुमच्यावर कोण ठेवणार? ते त्यांना न सांगताच कळलं असावं. त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. पहिल्यांदाच. आणि मी मनातल्या मनात ओरडायला लागले, बऱ्या व्हा, बऱ्या व्हा, बऱ्या व्हा… लोखंडी खाट बारीक बारीक थरथरू लागली. अक्कांनी डोळे न उघडता म्हटलं, "शालन, मशीन बंद कर." मग जरा थांबून, "सुम्न कूडु."

मंत्र म्हणून म्हणाल्या, की मला गप बस म्हणाल्या, ते विचारायचं राहून गेलं. परत भेट झाली नाही.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात आडवं नेतात. मी त्यांच्या घरी पोहोचले तर अक्का भिंतीला टेकून मांडी घालून बसलेल्या. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळव्यात लिंग. अगदी सोमवारसारख्या. बायका रडत होत्या, मीही गळा काढला होता, आणि समोर त्या तशा बसलेल्या बघून माझं रडणं तिथंच थांबलं. मला त्यांचा भयंकर राग आला. इतकं स्थिर बसायचं असतं होय? जरा तरी हला की…

आज दीड-दोन महिने होत आले. माणसं अजून येतात. सोमवारी जिन्यावर बसून राहतात आणि निघून जातात. मध्यंतरी शिवानंद म्हणाला, "ताई, हात ठिवणाऱ्या बायका आता यायनात. तुम्ही बसताव का वर? न्हायतर मी खोलीत माल ठिवतो. सणाचा माल यायलाय." मी म्हटलं, मला कुठली परवानगी? तो म्हणाला, "आता द्यायला कोण हाय?" आठवडाभर मी झोपले नाही. मशिनीवर बसले की उठत होते, उठले की परत बसत होते. दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या.

सोमवारी गेले. घोंगडी होती तिथेच होती. मधला भाग अक्कांच्या बसण्याने गुळगुळीत झालेला, कडा अजून राठ. मी मधोमध बसले नाही, कडेला बसले. समोर एक बाई येऊन बसली आणि बसल्याबरोबर सुरू झाली. सून, जावई, गुडघा, परत सून. श्वास घ्यायला थांबेना. आणि माझा पाय सुटला. थाड थाड थाड. एवढी लाज वाटली! मी डोळे गच्च मिटले आणि त्या मेल्या पायालाच दटावलं, मोठ्यानेच दटावलं, "सुम्न कूडु!"

खोली गप झाली. मी डोळे उघडले तर त्या बाईने हात जोडलेले, डोळे मिटलेले. सांगोल्याकडची असावी, बोलण्यावरून तसंच वाटलं होतं; कानडी तिलाही कळत नसणार. तिचे ओठ हलत होते. "सुम्नकूडु… सुम्नकूडु…"

हा मंत्र नाही, हे सांगावं असं वाटलं. हसूही आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. सरकून घोंगडीच्या मधोमध आले, थोडा वेळ श्वास बघितला, मग पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. खाली रिक्षावाले बोंबलत होते, तिचा मंत्र चालू होता. माझा पाय थांबला होता का, ते बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही.