मास्टरांच्या जाईला आलेली फुलं

“ठहरा जरा, आधी हिला पाणी,” असं म्हणून मास्टर दारात आलेल्या माणसाला थांबवायचे. पँट आखूड करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असो की लाइट बिलवाला. तांब्याभर पाणी जाईच्या मुळाशी ओतून झालं की गळ्यातला टेप सारखा करत विचारायचे, “हाव, बोला.”

नांदेडला आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून ते घरीच मशीन चालवायचे. त्यांची बायको, आमच्या चाची, लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेल्या त्या तिकडंच अडकल्या. लेक-जावई दोघं नोकरीला. लेकरू कोण सांभाळणार? जाण्याआधी त्यांनी भिंतीशी जाईची फांदी लावली होती. “फुलं आली की येते बघायला,” एवढं बोलून गेल्या.

मास्टरांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. कोवळे शेंडे दुपारपर्यंत करपायचे. मास्टर भिंतीवर ओलं पोतं टाकायचे, जुन्या साड्या जोडून वेलीवर सावली धरायचे. वेल बारा महिने हिरवीगार राहिली, भिंतीवरून आमच्या अंगणात लोंबायला लागली. फूल मात्र येईना.

संध्याकाळी चाचींचा व्हिडिओ कॉल यायचा. एकदा त्याच्या जरा आधी मी सहज डोकावलो, तर मास्टर फुलवालीकडून आणलेली जाईची फुलं शिलाईच्या दोऱ्यानं वेलीला बांधून राहिले होते. मला बघून ओशाळले.

“बघू द्या तिला. आली तर आली.”

चाचींनी फुलं बघितली, कौतुकही केलं. आल्या नाहीत. लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

पुढच्या पावसाळ्यात वेल खरोखरच बहरली. सकाळी आमच्या अंगणात सडा पडायचा.

“मास्टर, चाचींना दाखवली का?”

“न्हाई.”

“अहो, का?”

ते खाली पडलेली फुलं वेचत राहिले. “दोन लहान लेकरं हायेत तिच्या अंगावर. हे बघितलं की तिचा जीव तिकडं लागायचा न्हाई.”

त्या दिवसांत फोन वाजला की मास्टर आत जायचे आणि दार लोटून बोलायचे.

थंडीत एके रात्री ते झोपेतच गेले. चाची आल्या. सगळं आटोपल्यावर, परत निघायच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“ती फुलं बांधलेली होती ना? दोरा दिसला होता मला. खरी कधी आलीच न्हाईत का?”

“आली होती. भरपूर.”

“मग मला का न्हाई दाखवली?”

मास्टर जे बोलले होते ते मी सांगितलं. चाची वेलीखालच्या स्टुलावर बसल्या.

“मी लेकीला सारखी म्हणायचे, एकदा जाऊन येते गं. ती म्हणायची, अब्बा तर खूश दिसतात की.”

स्टेशनला न्यायला आलेला ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवून राहिला होता. चाची उठेनात.