थांबायला एकतीस वाफे

नाव : धनंजय पुंडलिकराव चाफले. वय : सत्तेचाळीस वर्षे. राहणार : सिंदी मेघेच्या पलीकडे, कालव्याच्या रस्त्याला लागून. व्यवसाय : भाजीपाला, विशेषतः पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. शिक्षण : बी.कॉम., दुसऱ्या वर्षापर्यंत सविस्तर. स्थावर मालमत्ता : साडेतीन एकर ओलित. जंगम मालमत्ता : एक लाल मोटार, परदेशी बनावटीची, श्रेणी 'स्पोर्टी', निर्माती कंपनी देश सोडून गेलेली. सदर वाहन कुटुंबासाठी घेतल्याचे सदर इसमाचे म्हणणे असून कुटुंबातील एकाही सदस्याने त्यास दुजोरा दिलेला नाही.

गाडी अकरा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका डॉक्टरच्या मुलाकडून आली. तेव्हाच ती जुनी होती. जमिनीला इतकी लागून की आत बसताना पाटावर बसल्यासारखं वाटे. पळायची मात्र खरी. धनंजयच्या मते तिच्यात एकच उणीव होती, आणि ती पळण्याच्या बाबतीतली नव्हती.

ही उणीव पहिल्याच आठवड्यात त्याच्या आईच्या, कुंताबाईंच्या लक्षात आली. कारंजा घाडग्याला भावाकडे निघाल्या होत्या. हायवेवर एक ढाबा दिसला आणि त्या म्हणाल्या, पाणी प्यायचंय, थांब. धनंजयने लगेच ब्रेक दाबला. गाडी थांबली ती पुढच्या ढाब्यावर. कुंताबाईंनी तिथेच पाणी प्यायलं, पिशवी उचलली आणि संत्र्याच्या टेम्पोत बसून भावाकडे गेल्या. त्यानंतर अकरा वर्षं त्या गाडीत बसल्या नाहीत. राग नव्हता. गाडीबद्दल विचारलं की शांतपणे एवढंच सांगत, "बैल थांबते, एसटी थांबते. याची गाडी काऊन नाई थांबत, ते त्याले इचारा."

मागच्या सीटवर मग वांग्यांचे क्रेट जाऊ लागले. वांग्यांनी कधी तक्रार केली नाही.

प्रश्न उभा राहिला तो खुशीमुळे. खुशी ही धनंजयची मुलगी. तिला नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून कुंताबाईंनी गिरडच्या दर्ग्यातल्या शेख फरीदबाबांना नवस बोलला होता : पोरगी लागली तर मी स्वतः येईन. पोरगी लागली. पण तोवर कुंताबाईंचे गुडघे गेले. एसटीची पहिली पायरी त्यांच्यासाठी बंद झाली. शेजारच्या वासुदेवरावांची जीप एसटीहून उंच. पाय न उचलता बसता येईल असं ओळखीपाळखीत एकच वाहन होतं, आणि ते लाल होतं.

बाबांचं देणं अंगावर ठेवून बसणं कुंताबाईंना जमणारं नव्हतं. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी अट घातली. "माह्यासमोर थांबवून दाखव. मंग बसतो."

धनंजयने प्रथम परिस्थितीचं मोजमाप केलं. कालव्यालगतचा डांबरी रस्ता त्याच्या पालकाच्या वाफ्यांना समांतर जातो. वाफा चार फुटांचा. गाडी साठवर न्यायची, पहिल्या वाफ्याशी ब्रेक दाबायचा आणि थांबेल तिथवरचे वाफे मोजायचे. मोजायला उज्वला, त्याची बायको, हातात तुराटीची काठी घेऊन उभी. आकडा आला एकतीस. उज्वलाने तो दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा मोजताना तिला वाटलं की गाडी अजून थांबायची आहे.

मग साहिल आला. साहिलचं गॅरेज सिंदी मेघेत. हात चांगला, पण एक काम हाती घेतलं की त्याला त्याच्या आतली सहा कामं दिसत. त्याने सांगितलं की याच कंपनीच्या मोठ्या गाडीची ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी चकती, पुढे बसवू. ती नागपूरच्या भंगारात मिळाली. ती बसली, पण तिच्यावर चाक बसेना. म्हणून मोठी चाकं आणली, जाळीदार, आतली डिस्क ताटासारखी चमकताना दिसेल अशी. मोठी चाकं मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड कापलं. पुढे एवढं केल्यावर मागचे जुने ड्रम ब्रेक गरीब दिसायला लागले, म्हणून मागेही डिस्क आल्या. मागच्या डिस्कला हँडब्रेकची तार लागेना. साहिलने दोन दिवस विचार केला आणि हँडब्रेक काढून टाकला. तेव्हापासून तालुक्यातले सर्वांत ताकदवान ब्रेक असलेली ही गाडी उभी करताना चाकाखाली दगड लावावा लागतो.

चार महिने गाडी विटांवर होती. धनंजय मोटरसायकलने भाजी नेई आणि दुपारी गाडीजवळ स्टूल टाकून बसे. उज्वलाने एकदा जाता जाता सांगितलं, "आता त चांगलीच थांबली हाये. बसवा ना मायले."

भादव्याच्या शेवटी गाडी विटांवरून उतरली. चाचणीला कुंताबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घमेलं पालथं घालून बसल्या. साठचा वेग, पहिला वाफा, ब्रेक. गाडी चौदाव्या वाफ्यावर उभी राहिली. मागच्या सीटवरचा क्रेट काढायचा राहिला होता. त्यातली वांगी सोळाव्यावर थांबली. कुंताबाई उठल्या, घमेलं झटकलं आणि घरात जाताना म्हणाल्या, "दसऱ्याले निघू."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खांडेनवमीला चाफल्यांकडे सगळ्या अवजारांची पूजा होते आणि ती कुंताबाईच करतात. इळा, कुदळ, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर. गाडीलाही गेली अकरा वर्षं टोपावर, म्हणजे बॉनेटवर, एक झेंडू मिळत असे, पण तो रीत म्हणून. पोराने पैसे घातलेत तर असू दे, अशा भावनेने ठेवलेला.

यंदा तसं नव्हतं. यंदा कुंताबाईंचा गाडीवर विश्वास बसला होता, आणि त्यांचा विश्वास कोरडा कधीच नसतो. नवमीच्या सकाळी धनंजय मोटरसायकलने भाजी घेऊन बाजारात गेला होता. कुंताबाईंनी बांधावरच्या मारुतीसाठी कालवतात तसा शेंदूर तेलात कालवला, चाकाच्या जाळीतून हात घातला आणि चारही डिस्कना दोन्ही बाजूंनी, बोटं पोचतील तिथवर, शेंदूर फासला. डिस्कला एक लोखंडी जबडा धरून असतो हे त्यांनी पाहिलं. धरणारा तोच, हे त्यांना न सांगता कळलं. त्यालाही पोटभर तेल घातलं. वर झेंडू, टोपावर एक आणि बाकीचे चाकांच्या जाळीत गच्च खोचलेले.

दसऱ्याला सकाळी त्या पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर चादर आणि रेवड्यांची पुडी. धनंजयने चाकाखालचा दगड काढला. अंगणातून रस्त्याकडे हलका उतार आहे. रस्त्याच्या तोंडाशी त्याने ब्रेक दाबला, आईला दिसेल असा, थोडा ऐटीत. गाडीने त्याची काही दखल घेतली नाही. समोरून ट्रॅक्टर येत होता, म्हणून त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी अत्यंत सावकाश पालकात शिरली आणि एकामागून एक वाफे ओलांडत गेली. नवव्या वाफ्याला आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. तिथे चिखलाने तिला थांबवलं.

मग कुंताबाईंनी दार उघडलं, चप्पल हातात घेतली आणि चिखलातून घराकडे चालू लागल्या. धनंजय स्टिअरिंग धरून बसला. चार महिने, चार चाकं, एक मडगार्ड. आई आता या जन्मात गाडीत बसणार नाही, आणि नवसही तसाच राहणार, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं.

साहिल सणाचे कपडे घालूनच आला. पुढचं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, आणि बोटाकडे पाहत राहिला. बोट केशरी झालं होतं.

"भाऊ, याले शेंदूर कोनं लावला?"

धनंजयने उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाने आकाशाकडे पाहिलं. पाय धुवून कुंताबाई परत येऊन उभ्या होत्या.

"मीनं."

साहिल बिचारा अडचणीत आला. आजीला चूक म्हणायची पद्धत नाही, आणि दसऱ्याच्या दिवशी शेंदराला तर नाहीच. त्याने खाली पाहत सांगितलं, "आजी, याले तेल चालत नाई. हा घासूनच थांबवते. कोरडाच पाह्यजे."

"मोटरीले चालते, इळ्याले चालते. यालेच काऊन नाई चालत?"

"त्याचं कामच तसं हाये."

कुंताबाई विचार करत उभ्या राहिल्या. अकरा वर्षं गाडीचा दोष होता, आणि तो त्यांनी सगळ्या सोयऱ्यांत सांगितला होता. आज गाडीचा दोष नव्हता. हे त्यांच्यासाठी नवीन होतं, आणि धनंजयला भीती होती की आता त्या साहिलचा दोष काढतील. पण त्या गाडीपाशी गेल्या, टोपावरचा झेंडू उचलला आणि म्हणाल्या, "धू म्हणा त्याले. कवा निघाचं, ते सांग."

जबड्यातले ब्रेक पॅड तेल प्यायले होते, ते फेकावे लागले. नवे यायला पाच दिवस लागले. तोवर साहिलने चारही डिस्क पेट्रोलने धुतल्या. सहाव्या दिवशी सकाळी सातला कुंताबाई पुन्हा पुढच्या सीटवर बसल्या, चादर आणि नव्या रेवड्या घेऊन. गाडी रस्त्याला लागताच त्या म्हणाल्या, "थांब." गाडी थांबली. "चाल." थोडं पुढे एका कडुलिंबाशी पुन्हा, "थांब." तिथेही थांबली. नवस फेडायला जाताना मनात शंका नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

सदर प्रवासात सदर वाहनाच्या सुधारित ब्रेक यंत्रणेची एकूण त्रेसष्ट ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली व ती प्रत्येक ठिकाणी समाधानकारक आढळली. हिंगणघाटच्या अलीकडे त्यांना ओलांडून गेलेली गिरडची एसटी गिरडहून परत येताना त्यांना समोरून भेटली, तेव्हा ते अजून जातच होते.