किसनकाकांचा उजवा हात

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि पप्पांना तर — पप्पा गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं असंही म्हणता येणार नाही, कारण सांगायचं नव्हतंच मला. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात एका कॉलेजात मुलांसमोर तीच गोष्ट परत रंगवून सांगितली आणि टाळ्या घेऊन आले, म्हणून असेल.

ती गोष्ट मी अशी सांगते. माझा पहिला शॉट. भोसरीची मुलगी, हळदी-लग्नाच्या शूटिंगला लाईट धरणारी, एका चॅनलच्या कार्यक्रमात असिस्टंट म्हणून घेतलेली — असिस्टंट म्हणजे चहा आणणारी. कॅमेरामन फोनवर बोलायला बाहेर गेलेला, कॅमेरा स्टँडवर तसाच, आणि समोर एका कामगाराचा हात शेंगा सोलत होता. मी कॅमेरा हळूच खाली वळवला. फोकस धरला. बटण दाबलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तो शॉट कार्यक्रमाच्या शेवटी लागला, त्याच्यावर सगळ्यांची नावं आली, त्यात माझंही आलं. त्यावर पुढचं काम मिळालं, त्याच्यावर त्याच्या पुढचं. मुलं वहीत लिहून घेतात. संधी ओळखायला शिका, असंही वर सांगते मी त्यांना. कमाल आहे ना निर्लज्जपणाची?

हात कुणाचा होता, हे सांगत नाही.

किसनकाकांचा होता. पप्पांचे मित्र. दोघं भोसरीच्या एमआयडीसीत एकाच प्रेस शॉपला — पत्रा मशीनखाली ठेवायचा, वरून दाब येतो, गाड्यांचे छोटे भाग कापून निघतात, असा कारखाना. काका चाकणच्या पलीकडच्या गावचे. रविवारी आमच्याकडे यायचे, जिन्यातूनच ‘कांबळे!’ म्हणून हाक मारायचे, आणि आई चहाचं आधण ठेवायची. मी दहावीत असताना त्यांचा उजवा हात मशीनखाली आला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं. करंगळी राहिली.

त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण तसं केलं की माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. एका हाताने बटण, दुसऱ्याने पत्रा. सगळ्यांना माहीत होतं, सगळे तसंच काम करत होते.

मालकाने काकांना काढलं नाही. गेटवर बसवलं, डाव्या हाताने रजिस्टर लिहायला. पुढे त्यांच्या मुलीला, मनीषाला, पॅकिंगमध्ये घेतलं. पाचरीबद्दल बोलायचं नाही, एवढीच अट — तीही तोंडी.

आणि मग मी आले. कारखान्यांतल्या अपघातांवर कार्यक्रम होता, मुंबईहून टीम आली होती, आणि सरांना — म्हणजे दिग्दर्शकांना — बोलणारा कामगार हवा होता. खरा, हात गेलेला. मी म्हटलं, दोन दिवसांत आणते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिघांकडे गेले, तिघांनी दार लावून घेतलं. उद्या माणूस मिळाला नाही तर ही मुलगी काय कामाची, असं सर म्हणणार, हे मला दिसत होतं. तुम्हाला कधी असं झालंय? की एक दार किलकिलं झालंय, आत उजेड दिसतोय, आणि कुणीतरी ते परत लावून घेणार आहे?

रविवारी काका आले तेव्हा मी विचारलं. ते बराच वेळ बशीतला चहा गार करत बसले. मग म्हणाले, “माझ्या मशीनवर आता दुसरा गडी हाय. पाचर तशीच हाय. रोज गेटवर त्याची सही घेताना मी त्याचा हात बघतो, पोरी.”

मग म्हणाले, “बोलतो. पर तोंड दिसता कामा न्हाई. मनीषाचंबी काम हाय तिथं. कुनी वळखनार न्हाई ना?”

“नाही काका. माझ्यावर सोडा.”

पप्पा म्हणाले, “आपलीच पोरगी हाय, किसन. बोल बिनधास्त.”

पुढच्या रविवारी दुपारी आमच्याच घरी शूटिंग झालं, खिडक्या लावून, पंखा बंद करून. काका घामाघूम. पण बोलले — पाचर, सुपरवायझर, सगळं. बोलणं संपलं, कॅमेरामन बाहेर गेला, आणि काकांनी पिशवीतून शेंगा काढल्या. रानातल्या, ओल्या. माझ्यासाठी आणल्या होत्या. अंगठा आणि करंगळीत शेंग धरायची, अर्ध्या बोटाने दाबायची, टक् — आणि दाणे ताटलीत. ताटली माझ्याकडे सरकवत होते. तेव्हा मी कॅमेरा वळवला. त्यांना वाटलं, कॅमेरा बंद आहे. मी एका हाताने दाणे खात होते.

मग टीम मुंबईला गेली, मीही गेले. एडिटिंग झालं, काकांचा चेहरा धूसर केला, आवाज जाड केला, आणि कार्यक्रम लागला.

नाही. मध्ये एक खोली गाळली मी. त्या खोलीत येते — येणारच आहे, त्यासाठीच लिहायला बसले. जरा थांबा.

कार्यक्रम आम्ही घरी पाहिला. चेहरा कुणाला कळला नसता. आईनेच विचारलं, हे किसनभाऊजीच ना? शेवटी हात आला. सबंध पडदाभर. टक्, टक्, दाणे ताटलीत. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिमोट उचलला आणि आवाज कमी केला, जणू कुणी ऐकेल. त्यांना काही बोलायचं असेल, पण तेवढ्यात पडद्यावर माझं नाव आलं आणि आई रडायलाच लागली आनंदाने.

सकाळपर्यंत ती क्लिप एमआयडीसीतल्या सगळ्या ग्रुपांवर फिरली होती. ‘हा गेटवरचा किसन ना?’ एवढंच एकाने लिहिलं होतं, पुढे पन्नास अंगठे. काकांना त्या दिवशी गेटच्या आत घेतलं नाही. ज्या गेटवर ते बसायचे त्याच गेटवर. मनीषाला दुपारी सांगितलं, डबा अर्धा खाऊन झाल्यावर. आसपासच्या कुठल्याही शॉपने नंतर त्यांना उभं केलं नाही. टीव्हीवाला म्हणायचे.

त्या मशीनला पुढे जाळी बसली, पाचर निघाली, असं ऐकलं. हे मी सांगायला नको होतं. बघा, अजूनही सुटकेची फट शोधतेच आहे.

चार दिवसांनी काका घरी आले, मनीषाला घेऊन. मी बॅग भरत होते — त्या शॉटवर मुंबईचं पुढचं काम आलं होतं. ओरडतील, असं वाटलं. ओरडले असते तर? मी खरं बोलले असते? मला नाही वाटत. पण ते ओरडले नाहीत. कॉटवर बसले आणि म्हणाले, “पोरी, हात कसा काय दिसला गं?”

आणि माझ्या तोंडातून कसं धडाधड आलं. काका, मी सांगितलं होतं त्यांना. हात काढा म्हणून भांडले. रडले. त्यांनी ऐकलं नाही, मोठी माणसं ती, मी तर चहा आणणारी. बोलता बोलता मला खरंच रडू फुटलं. रडण्याचा उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काका उठले. तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. “तू कशाला रडती? तुझं काय चालनार त्यांच्याम्होरं? माझ्यापायी भांडलीस, लय झालं.” पप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मनीषा दारातच उभी होती, चपला न काढता. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याच वयाची ती. तिला काय दिसलं असेल?

बरं, हे इथे थांबलं असतं तरी एक वेळ. पण काकांनी ते सगळीकडे सांगितलं. गावात, नात्यात, चहाच्या टपरीवर. कांबळेची पोरगी माझ्यासाठी मुंबैवाल्यांशी भांडली. काही वर्षांनी मला एक बक्षीस मिळालं तेव्हा वस्तीने विहारात सत्कार ठेवला. पप्पा पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. काकांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ते आपणहून उठले, माइक अंगठा-करंगळीत धरला, आणि भरल्या विहारात म्हणाले, “आमची दोघांची कामं गेली, पर हिनं साथ सोडली न्हाई.” टाळ्या पडल्या. मी हात जोडले. हसले सुद्धा, जरा लाजल्यासारखं — तेही जमतं मला. मनीषाने टाळ्या वाजवल्या नाहीत. पप्पा त्या रात्री जेवताना म्हणाले, बक्षिसापेक्षा मला किसनचं बोलणं मोठं वाटलं. दोन वर्षांनी ते गेले, तेवढंच मोठं घेऊन.

आता ती खोली.

मुंबईतली एडिटिंगची छोटी खोली, एसी फार गार. एडिटर विनय, मागे सर, कोपऱ्यात स्टुलावर मी. विनयने हाताचा शॉट लावला आणि सर पुढे वाकले. कुणी घेतला हा? मी म्हटलं, मी. सर माझ्याकडे वळून बघत राहिले — त्या महिनाभरात पहिल्यांदा. म्हणाले, कार्यक्रम ह्याच्यावर संपवू. नावं ह्याच्यावर घेऊ. हिचंही घाल.

मग ते थांबले. भला माणूस, त्यांना सुचलं तरी. म्हणाले, “पण ह्याच्यावरून ओळखेल का गं कुणी? तू तिथली आहेस. तू सांग.”

मी तिथली. तुम्हाला सांगते, प्रेस शॉपच्या लोकांत माणूस चेहऱ्याने नंतर ओळखतात. लहानपणी पप्पांचे मित्र घरी आले की मी त्यांना हातांवरून लक्षात ठेवायची. अर्ध्या अंगठ्याचे काका. करंगळी नसलेले मामा. पप्पाही तसंच सांगायचे, अरे तो नाही का, मधलं बोट गेलेला. दोन माणसांचा हात कधी सारखा तुटत नाही. मुंबईच्या माणसाला तो नुसता तुटलेला हात. भोसरीत ते नाव, गाव, पत्ता, सगळं होतं. त्या खोलीत हे माहीत असलेली एकटी मीच होते, आणि मला त्याच क्षणी माहीत होतं. घाईत सुचलं नाही, लहान होते, कळलं नाही — यातलं काहीही खरं नाही. मनीषाचा चेहरासुद्धा डोळ्यासमोर आला होता.

विनयचं बोट कीबोर्डवर होतं. “काढू का?” त्याने विचारलं. एक बटण होतं फक्त.

“राहू दे,” मी म्हटलं. “असे हात पुष्कळ आहेत तिकडे. कोण ओळखतंय?”

भांडण झालंच नाही. मला विचारलं होतं. नीट, दोनदा विचारलं होतं.

काका आहेत अजून, गावीच. जमिनीच्या राहिलेल्या तुकड्यात भुईमूग लावतात. हे छापून आलं की मनीषा वाचेल, आणि बहुतेक तीच त्यांना वाचून दाखवेल. मी आधी जाऊन सांगायला हवं होतं. मागच्या महिन्यात शूटिंगसाठी त्यांच्या फाट्यावरूनच गेले. ड्रायव्हरने विचारलंही, मॅडम, चहाला थांबू का? नको म्हटलं.

दरवर्षी दिवाळीच्या आधी त्यांची पिशवी येते, कुणाच्या ना कुणाच्या हाती. शेंगा नसतात त्यात. दाणे असतात. पोरीला वेळ नसतो म्हणून सोलून पाठवतात. यंदाचेही आले. निम्मे संपलेत.