तात्यांची मोटार

आमचे तात्या, सोनबा, तरणेपणी मेंढरांमागं चालले आणि मेंढरं विकल्यावर उसाला पाणी देणाऱ्या मोटारीसाठी चालत राहिले. बावड्यातल्या आमच्या वस्तीपासून विहीर दीड किलोमीटरवर आहे. लाईट आली की ते रोज जायचे, मोटार चालू करायचे, शेजारच्या गेणबाआबांबरोबर बांधावर शेंगा खात तावातावानं भांडायचे आणि हसत घरी यायचे. पंचाहत्तरीतही त्यांना एक गोळी नव्हती.

मला मात्र त्यांची कीव आली. मी मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवला. "आता तुमी निवांत बसा," म्हणालो आणि गावभर स्वतःचं कौतुक सांगत फिरलो. शहाणाच ना मी!

तात्या निवांत बसले. वर्षभरात गुडघे आखडले, साखर वाढली, माणसांशी बोलणं तुटलं. इंदापूरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, रोज तीन किलोमीटर चालणं आणि माणसांत बसणं. विहिरीचं जाणं-येणं बरोबर तेवढंच होतं.

घरी येऊन मी तो स्टार्टर उचकटून काढला.

"तात्या, लाईट आलीय. मोटार चालू करून येता का?"

ते काठी घेऊन उठले, अंगणातल्या लिंबापर्यंत गेले आणि धापा टाकत तिथंच टेकले.

"आज तूच जा. गेणबाला सांग, उद्या येतो म्हणून."

याला महिना झाला. गेणबाआबा अजून दोघांच्या शेंगा घेऊन बांधावर बसतात. मी मोटार चालू करतो आणि त्यांना रोज तेच सांगतो.