दुसऱ्या पाळीचे ठिपके

मी हात उगारणारा माणूस आहे. मिक्सर अडला तर थापटतो, गाडीचं दार लागलं नाही तर लाथ घालतो. कान्हे गावाजवळच्या एका कारखान्यात माल दाबणाऱ्या प्रेसच्या तेलाच्या दाबाचे आलेख काढायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरनंही माझा पुष्कळ मार खाल्ला.

एका आठवड्यात आलेखातून दुसऱ्या पाळीचे ठिपके गायब झाले. पहिल्या पाळीचे होते, तिसऱ्या पाळीचे होते, मधे नुसती पांढरी जागा. मी अक्षाची मर्यादा वाढवली, ठिपके जाड केले, रंग बदलला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तक्ता उघडून रकाने भरलेले आहेत एवढं पाहिलं. भरलेले होते. म्हणजे दोष पडद्याचाच, असं ठरवून मी मॉनिटरच्या कानशिलात अशी ठेवून दिली की त्याचा एक कोपरा काळा पडला.

दुसऱ्या पाळीत प्रेस चालवणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत; ते जवळच्या बेडसे गावचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. जड माल त्यांच्याच पाळीत दाबला जायचा, आणि काट्यावरचा दाब बघून मोबाइलवरून तक्त्यात भरायचं कामही त्यांचंच. ते माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, दाब लय चढतोय. मी रोज लिवतोय."

मी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, कुठं चढतोय. ते हलेनात. माझं डोकं फिरलेलं होतंच. मी त्यांची कॉलर धरून त्यांना दाराबाहेर ढकललं. शर्टाचं वरचं बटण उडालं. प्रेस बंद ठेवायची नाही, असं वर बजावलं.

तासाभरात तेलाची नळी फुटली. फुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं आणि भाऊंचा उजवा हात लोखंडावर चेचला गेला. मी धावलो तेव्हा फरशीवर तेल आणि रक्त एकत्रच वाहत होतं. दोन बोटं गेली.

त्यानंतर मी तक्ता उघडून एकेक आकडा वाचला. बाकीच्या पाळ्यांचे 140, 145. भाऊंचे १८०, १९५, २१०. त्यांनी नवा मोबाइल घेतला होता आणि त्यात कीबोर्ड मराठी होता, अंकही मराठीच पडायचे. सॉफ्टवेअरला ते आकडे वाटलेच नाहीत, अक्षरं वाटली. त्यानं ती गाळली. मला दोन्ही सारखेच वाचता येतात, म्हणून डोळ्यांना काही खटकलं नाही. मराठी न येणाऱ्या माणसानं ही चूक बघताक्षणी पकडली असती. मला माझीच लाज वाटली.

ते आकडे इंग्रजी अंकांत करून आलेख छापला आणि बेडशाला त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली आणि आलेख त्यांच्यापुढे धरला. भाऊंनी कागद मांडीवर घेतला आणि चढत जाणाऱ्या ठिपक्यांवरून डावा हात फिरवला.

"आता दिसत्यात," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "पर मी समोर हुबा राहून सांगत हुतो, त्ये बी दिसलं न्हाई का?"

त्यांच्या मागे खुंटीवर तोच शर्ट धुऊन टांगला होता. वरचं बटण अजून लावलेलं नव्हतं.