शेवंताबाई आणि स्लोव्हेनियन 'नाही'

एप्रिलात चंद्रपूरला जाऊ नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण अलेंकाला मोहाची फुलं वेचताना पाहायचं होतं. ती मला ऑनलाइन स्लोव्हेनियन शिकवते, पहिल्यांदाच भारतात आली होती. मग नको कोण म्हणणार?

नागपूरहून उमरेड, नागभीड करत मूलपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खड्डे आणि जंगल. पाणी भरपूर घ्या. आमचं वाटेतच संपलं आणि अलेंकाने त्यातूनही धडा काढला. 'इमाम वोदो' म्हणजे माझ्याकडे पाणी आहे. नाही म्हणायचं तर 'निमाम वोदे'. नकार आला की कर्माची द्वितीया जाऊन षष्ठी होते. घशाला कोरड पडलेली आणि हिची षष्ठी! मी वैतागले.

मुक्काम जंगलाकाठच्या एका गावात, सुमनबाईंकडे होता. भात, वांगं, सुकटीची चटणी. जेवण झकास, बाई अबोल. मोहाला कोण कोण जातं, विचारलं.

"साऱ्या जणी जातो. माही जाऊ शेवंता नाई आता. मागच्या साली वाघानं नेली."

मी अलेंकाला स्लोव्हेनियनमध्ये सांगितलं, "शेवंता नी," म्हणजे शेवंता नाही. तिने सवयीने सुधारलं, "शेवंते नी." तिच्या भाषेत माणूस 'नाही' झाला की त्याचं नावही षष्ठीत जातं, तो वाक्याचा कर्ता उरत नाही. बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. आपल्याकडे निदान नाव तरी शाबूत राहतं.

उजाडताच रानात गेलो. बायका पांगतात आणि सारख्या एकमेकींना हाका मारतात. ओ आली नाही की सगळ्यांनी धावायचं. वेचता वेचता सुमनबाई म्हणाल्या, "त्या दिशी आमी मोहाच्या झाडासाठी भांडलो होतो. तिनं ओ देल्ली नाई. मले वाटलं, रुसली."

शेवंताबाईंची लेक लताही सोबत होती; सुमनबाई तिची मोठी काकू, तिच्या बोलीत मोठीमाय. थोड्या वेळाने सुमनबाईंनी तिला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही. टोपली टाकून बाई काट्याकुट्यांतून धावत सुटल्या, आम्ही मागे. लता एका झाडाखाली शांतपणे फुलं वेचत होती.

"मोठीमाय," मान वर न करता ती म्हणाली, "आज धावली. माह्या मायसाठी काऊन नाई धावली?"

सुमनबाई तिच्याजवळ बसून तिच्याच टोपलीत फुलं वेचू लागल्या. अलेंका विचारत राहिली, काय म्हणाली ती?

घरी आल्यापासून तो षष्ठीचा नियम माझा एकदाही चुकलेला नाही. तो असा पाठ झाला, याची लाज वाटते. तुम्ही मात्र जरूर जा. रानात बायका तुमच्याही नावाने हाक मारतील. तुम्ही फोटोत गुंतलेले असाल, गंमतही वाटेल. तरी आधी ओ द्या.