मुक्त व्यापाराचे कैवारी

टायच्या टोकाने चष्मा पुसत ते म्हणायचे, "अहो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे." हे वाक्य कानावर आलं की आमच्या लघुउद्योग संघटनेच्या कचेरीत आम्ही ओळखायचो, साहेबांचं काहीतरी काम निघालंय.

मी तिथे चिटणीस होतो. विश्रांतवाडीच्या पुढे साहेबांचा पंख्यांचे कपॅसिटर बनवण्याचा कारखाना होता. उदारीकरणाचं वारं नवं होतं आणि ते सगळ्यांआधी त्यांनाच लागलं. सरकारने धंद्यातून अंग काढून घ्यावं, असं ते प्रत्येक सभेत सांगत. त्यांची स्वतःची जमीन आणि वीज सरकारी सवलतीतली होती. त्या सवलतीला ते 'प्रोत्साहन' म्हणत. 'अनुदान' म्हणजे दुसऱ्याला मिळतं ते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शेजारी देशांशी मुक्त व्यापाराचा करार झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. आता आपला माल तिकडे जाणार! झालं उलटंच. तिकडचे कपॅसिटर बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात येऊन पडले, तेही इथल्या कच्च्या मालाच्या भावात. साहेब कचेरीत आले, चष्मा पुसला. ते लोक स्वतःच्या देशात विकतात त्याहून स्वस्त इथे विकतात, त्यांचं सरकार मागून पैसा पुरवतं, हा व्यापार नव्हे, डम्पिंग आहे. त्यावर जादा शुल्क बसलंच पाहिजे. अर्थात तत्त्वाचा प्रश्न म्हणून.

दिल्लीच्या सुनावणीला त्यांनी शकीलाबाईंना साक्षीसाठी नेलं. कारखाना उभा राहिल्यापासून त्या तिथे यंत्रावर होत्या. विमानात त्या पहिल्यांदाच बसत होत्या. साहेबांनी त्यांना खिडकीची जागा दिली, पट्टा बांधून दिला, संत्रं सोलून दिलं. हे मी पाहिलंय, नाकारणार नाही. सुनावणीत "या बायकांच्या चुली विझतील" म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. शुल्क बसलं.

पुढे आयटीवाल्यांना त्या बाजूला जागा हवी झाली. साहेबांनी जमीन विकली, बायकांना घरी पाठवलं आणि त्याच शेजारी देशांतून कपॅसिटर मागवून विकू लागले. शुल्क आता त्यांच्याच बोकांडी बसलं. पुन्हा कचेरीत हजर. गरिबाला पंखा महाग पडतो, संघटनेने शुल्काला विरोध करावा, असं म्हणू लागले.

मी विचारलं, "आणि त्या चुली, साहेब?"

"भावनेवर धंदा होत नाही," ते म्हणाले.

संघटना उरलेल्या कारखानदारांच्या बाजूने राहिली. त्यांच्यापैकी एकाकडे शकीलाबाईंना काम मिळालं होतं. शुल्क ठेवायचं की उठवायचं याच्या फेरसुनावणीला आम्ही त्यांना नेलं, रेल्वेने. साहेब समोरच्या बाजूला बसले होते. त्यांच्या वकिलाने बाईंना विचारलं, "तुमची नोकरी आयातीमुळे गेली का?"

बाईंनी थोडा विचार केला. "नाही. आयातीनं नाही घालवली. साहेबांनी घालवली."

दालनात हशा पिकला. वकिलाने मात्र पहिलं 'नाही' तेवढं ठळकपणे नोंदवून घेतलं. साहेब खाली मान घालून कागद चाळत राहिले. शुल्क उठलं.

त्यानंतर ते संघटनेची पायरी चढले नाहीत. मुलाकडे परदेशी गेल्याचं कळलं. मला मात्र आठवतात ते फेरसुनावणीच्या दिवशी मधल्या सुट्टीतले साहेब. दोन हातांत चहाचे दोन कप घेऊन ते बाईंपाशी आले.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, साहेब."

बाईंनी कप घेतला, बाकावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. आत बोलावणं येईपर्यंत चहावर साय धरली होती. साहेब शेजारी उभेच होते, स्वतःचा कप तसाच धरून.